पेव

अर्ज दोन भाषांत होता, वेल्श आणि इंग्रजी.
दोन्ही तिच्या नव्हत्या, दोन्ही माझ्याही नव्हत्या.
टेबलाच्या एकाच बाजूला बसून आम्ही तो भरला.

रकाना सातवा : संशोधनात खंड पडल्याचं कारण,
दीडशे शब्दांत.
डॉ. इख्लास हमदून यांनी लिहिलं, युद्ध.
खाली आकडा उमटला : एकशे एकोणपन्नास शब्द शिल्लक.

रकाना नववा : शिफारस करणारे दोघे.
एकांचा फोन एप्रिलपासून लागत नाही.
दुसऱ्यांच्या नावामागे आमच्याकडे कै. लावतात, मी म्हणाले,
तुमच्याकडे?
तिनं नाव तसंच ठेवलं,
ईमेलच्या पत्त्यासकट.

पाठ्यवृत्ती आली, दोन वर्षांची.
कार्यालयातल्या नेरिसनं किल्ली दिली, बसचा पास दिला,
आणि स्वतःच्या लेकीचा जुना रेनकोट,
कारण अ‍ॅबरिस्टविथला पाऊस वरून कमी
आणि समुद्राकडून आडवा जास्त येतो.

हे गवताचं केंद्र. मी इथे सोळा वर्षं
मेंढ्यांच्या चाऱ्याचं बी मोजते.
ज्वारीही गवतच, ती म्हणाली,
आणि शीतगृहाच्या दारात उभी राहिली
उणे वीसच्या वाफेत, कोट न घालता.
निळ्या नाईलकाठी तिचंही असंच एक शीतगृह होतं.
आधी डिझेल संपलं. मग माणसं आली.
त्यांना फ्रीज हवे होते, बी नको होतं,
म्हणून त्यांनी पाकिटं फरशीवर ओतली
आणि फ्रीज नेले.
ती निघाली ते एक वही घेऊन,
वहीत फक्त नंबर.

दुपारी मी डबा उघडला.
लेस्टरहून टपालानं येतं ते पीठ, विरी गेलेलं,
भाकरी कडेनं फाटलेली. मला लाज वाटली.
तिनं तुकडा मोडला, वास घेतला,
दुरा, म्हणाली.
तिच्याकडे किसरा करतात, पातळ, आंबवून.
मग हातवारे करत कागदावर काढून दाखवला
जमिनीत खोल खड्डा, मातीनं लिंपलेला,
वर्षानुवर्षं धान्य ठेवायचा : मतमूरा.
पेव! मी ओरडलेच.
पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

आमच्या भाषेत पेव फुटतं ते वाईटाचंच,
अफवांचं, साथींचं, युद्धांचं.
धान्याचं पेव फुटल्याचं मी कधी ऐकलं नाही.
पण मंगळवेढ्याला मामाचं पेव उघडायचे
तेव्हा लगेच आत उतरू देत नसत.
दाण्यांचा कोंडलेला श्वास असतो खाली, माणूस मरतो.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला तर थांबायचं.
आमच्याकडेही, ती म्हणाली. दिवा. दोरी.
आणि गप्प झाली.

म्हणून मी तिला तिच्या भावाचं विचारलं नाही.
नेरिसनं विचारलं, प्रेमानंच, चहा ओतताना,
आणि कप बराच वेळ तसाच राहिला.

फेब्रुवारीत वहीतला एक नंबर जुळला.
शीतगृहाच्या तळच्या खणात एक पाकीट,
पन्नास वर्षांपूर्वी कुणी गोळा केलेलं,
गावाचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये.
पन्नास दाणे ओल्या कागदावर मांडले.
तिसऱ्या दिवशी काही नाही.
चौथ्या दिवशी ती अरबीत मोजत होती,
मी मराठीत,
एकोणीसला दोघी थांबलो.

त्या संध्याकाळी बसमध्ये
खिडकीकडे बघत ती म्हणाली,
माझा भाऊ रिकाम्या शीतगृहात परत गेला होता,
झाडू घेऊन.
पुढचं बोलली नाही. मी दोरी
जिथे होती तिथेच धरून ठेवली.

काल मुदतवाढीचं पत्र आलं : सहा महिने.
काचघरात कुंड्या भरता भरता तिनं हिशेब केला.
कणीस यायला चार पुरतात.
उरलेल्या दोहोंत काय करायचं
ते पत्रात लिहिलेलं नाही, दोन्ही भाषांत.