मानशीपाशी

चोडणच्या खाजनात, बांधाला जिथे दार आहे,
त्या जागेला मानस म्हणतात.
मनाशी या शब्दाचं काही नातं आहे का
ते मी मुद्दाम शोधलेलं नाही.

दिवसभर मी नदीपलीकडे एका थंड खोलीत
उंदराच्या मेंदूचा काप जिवंत ठेवत बसते.
काचेच्या नळीचं टोक एका पेशीला चिकटवायचं,
श्वास रोखायचा, टेबलाला हात लागू द्यायचा नाही.
पेशीबाहेर कॅल्शियम, आतल्याच्या दहा हजार पट:
पानाच्या चुन्यातलं, तिसऱ्यांच्या शिंपल्यांतलं,
तेच, दाराशी दाटलेलं.
विजेचा हेलकावा येतो. दार उघडतं
आणि बोलायच्या आत मिटतं.
तेवढ्यात जे आत शिरलं ते शिरलं.
आत, दाराला अगदी खेटून, भरलेल्या पिशव्या
फेरीबोटीतल्या स्कूटरींसारख्या:
फळी अजून धक्क्याला टेकलेली नाही
आणि सगळ्यांची इंजिनं चालू.
मग फटीपलीकडे निरोप सांडतो.

संध्याकाळी रायबंदरची फेरी, मग बांधावरून चालत.
इनास जाळं झटकत होता.
त्याला मी माझं कोडं सांगितलं:
कॅल्शियम अर्धं केलं
तर निरोप अर्धा व्हायला हवा ना?
होतो सोळावा हिस्सा. जेमतेम.

तो हसला नाही.
मानशीची जुनी फळी दाखवून म्हणाला,
ही उचलायला चौघं लागतात.
तिघं आले, तर ती पाऊण उचलली जात नाही.
उचललीच जात नाही.

चार वर्षं मी हे आलेखावर बघत होते.

मग मी उत्साहानं सांगायला गेले
की माझी दारं म्हणजे तुझी मानसच,
तर त्यानं जाळं खाली ठेवलं.
"आमचें उरफाटें गो बाये."
भरती चढली की आमचं दार
पाण्याच्याच रेट्यानं बंद होतं.
तुझं उघडतं.
खरं होतं. मी गप्प बसले.
एक उपमा खाडीत गेली, डुबुक असा आवाजही न करता.

थोड्या वेळानं त्यानंच एक धागा परत दिला.
कुर्ल्यांनी बांधाला बिळं पाडली होती त्या वर्षाचा.
खारं पाणी आत आलं ते आलंच,
कोरगुटसुद्धा करपलं,
तीन पावसाळे लागले माती गोडी व्हायला.
पेशीचंही तेच, मी म्हटलं,
आत आलेलं लगेच उपसावं लागतं.
नाहीतर मरते.

"कोण उपसता?"
पंप आहेत. रात्रंदिवस.
"पगार?"
साखर, म्हटलं. आता मात्र तो हसला.

अंधार पडला. ओहोटी लागली होती.
सांगत होते अजून काही, तेवढ्यात त्यानं हात वर केला: ओगी.
फळीचं लाकूड एकदा कुरकुरलं.
त्याच्या हातापासून माझ्या गप्प होण्यापर्यंत
किती दारं उघडली आणि मिटली असतील,
मोजायची सवय आहे मला.
मोजली नाहीत.
पाणी निघालं होतं.