एकच पत्ता

जेल रोडवरून आणलेले बोर्ड
जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी.
खाली बॅटरीचा, त्यावर डोकं असलेला,
त्यावर हवेतला ओलावा मोजणारा.
पिना बसवताना दोन्ही अंगठे सारखेच दाबायचे,
नाहीतर एक वाकते
आणि रात्र जाते.

ताडून बघायला तसलाच आणखी एक वर चढवला,
आणि सगळे गप्प.
वायरी बघितल्या, ग्राउंड बघितलं.
मग वैजू म्हणाली, "काका, वरच्या दोघांचा पत्ता एकच.
हाक मारली की दोघंही ओ देतात."

रामबागेत आमच्या दारांनाही एकच नंबर होता,
वाटणीनंतरही.
दादाची पेन्शन माझ्याकडे, माझं वीजबिल त्याच्याकडे.
अकरा वर्षं बोललो नाही,
टपाल तेवढं सरकवायचो
एकमेकांच्या दाराखालून.

वैजूने भिंग धरलं,
कणीएवढा कथिलाचा थेंब
दोन ठिपक्यांवर टेकवला.
एवढ्यात पत्ता बदलतो?
बदलतो, म्हणाली, धूर फुंकत.

स्क्रीनवर दोन आकडे आले, एकाखाली एक.
खोली तीच, टेबल तेच,
ओलाव्यात दोन टक्क्यांचा फरक.

"खरा कोणता?"
"राहू दे ना दोन्ही," ती म्हणाली,
आणि गार पोह्यांवर
शेव घातली.