हं

सूरच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
आमचं वर्कशॉप. रात्रीचे अकरा, पारा छत्तीस.
टेबलावर उघडा पडलेला रेडिओ
आणि त्यात नखाएवढा प्रोसेसर,
ज्याचा एक हात निरोप बांधतो, पाठवतो,
दुसरा नुसता ऐकतो:
गुणतो आणि मिळवतो, गुणतो आणि मिळवतो,
दोन्ही एकाच ठोक्यात,
लाटता लाटता तव्यावरची उलटावी तसं.

तक्रार नाखवा हमूदची.
"किनाऱ्यावर मला सगळे मूद म्हणतात.
बापाने दिलेला ह तुमच्या डब्यात अडकलाय.
काढून द्या."
आन्टो हसला. मी आलेख उघडला.
खरंच होतं. ह म्हणजे नुसता श्वास,
इंजिनाच्या घरघरीखाली दबलेला;
प्रोसेसर त्याला वारा समजायचा
आणि मू आल्यावरच दार उघडायचा.

मग मी मेमरीत एक गोल रांग लावली,
नवा आला की सर्वांत जुना बाहेर.
दोनशे मिलिसेकंदांचा भूतकाळ, एवढाच,
पण कायम हाताशी.
आता दार उघडलं की
आधी मागचं जाऊ द्यायचं, मग पुढचं.
उंबरठाही थोडा खाली घेतला.

पहाटे तीन-चाळीसला, रास अल हद्दच्या पलीकडून:
"हमूद बोलतोय. सुरमई आहे. बर्फ ठेवा."
अख्खा ह. जरा खारट.
आन्टोने टेबलावर थाप मारली, चहा सांडला.

हे सगळं ठीक.
पण मी हेडफोन काढलाच नाही.
कुडाळला बाबा फोनवर कधी वाक्य बोलत नाहीत.
मी सांगते: पगार झाला, खोली बदलली, दाढ काढली.
ते हं म्हणतात.
म्हणत असावेत.
चार वर्षं मला पलीकडून ऐकू येते
ती एक मऊ खरखर,
जी यंत्रच भरतं
शांतता दिसली की,
लाइन तुटली असं वाटू नये म्हणून.
आणि मी, हे शिकलेली मी,
चिडून म्हणते, "बाबा, ऐकताय ना?"

त्या फोनच्या आत माझा हात पोचत नाही.
तिथला उंबरठा दुसऱ्याच कुणी ठरवलाय,
ज्याच्या घरी बहुतेक
हं म्हणणारं कुणी नसावं.

शुक्रवारी फोन करीन.
दाढेचं पुन्हा सांगीन
आणि मग थांबेन थोडी,
एका हंला लागतो तेवढा वेळ.