शेड नंबर तीन

बर्डीवरून मेट्रोत बसले की
शेजारची बाई हमखास विचारते,
दातांच्या दवाखान्यात असता का?
मी हो म्हणते. सोपं पडतं.
नाहीतर सांगावं लागेल
की दिवसभर मी कोंबड्यांची आतडी उघडते
आणि बोटांना येतोय तो लवंगेचा वास
खाद्याच्या टनामागे दीडशे ग्रॅमचा आहे.

उमरेड रोड. पाचगावच्या पुढे दोन शेड.
दोन नंबरात जुनी पावडर, पांढरी, बिनवासाची,
जिचं नाव माझ्या पोराच्या
खोकल्याच्या चिठ्ठीवरही होतं,
आणि जिला त्याचा खोकला आता जुमानत नाही.
तीन नंबरात ओवा, दालचिनी, लवंग,
तेल काढून मेणाच्या कणांत कोंडलेलं,
पोटात गप्प राहणारं,
खाली आतड्यात गेल्यावरच तोंड उघडणारं.

शेवंता उईके रोज पहाटे तूस उलथते.
तिला विचारलं, फरक काय?
"इकडची शी घट्ट येऊन रायली, मॅडम.
अन् डोये चुरचुरत नाही."
मी वहीत लिहिलं : अमोनिया कमी.
तिच्या डोळ्यांसाठी रकाना नव्हता.

एकविसाव्या दिवशी कात्री.
भिंगाखाली तीन नंबरचे रसांकुर
नव्या टॉवेलच्या धाग्यांसारखे उभे.
दोन नंबरचे
हॉटेलात खूप धुतल्या गेलेल्या टॉवेलसारखे.
मी दहा वेळा मोजले.
आनंद झाला की मी पुन्हा मोजते,
ही माझी खोड.

मग तो मे. सेहेचाळीस.
रात्री वीज गेली, पंखे थांबले,
आणि ओव्यानं काहीच केलं नाही.
एकशे अकरा.
पाय वर, चोची उघड्या,
आतडी अगदी निरोगी.
अहवालात त्यांना वेगळं पान दिलं.
साहेब म्हणाले, परिशिष्टात टाका.

बेचाळिसाव्या दिवशी गाड्या आल्या.
एवढं जपलेलं पोट
एवढ्याच दिवसांसाठी होतं.

शेवंतानं तीन नंबरची एक मागून घेतली.
दुसऱ्या दिवशी डबा उघडला,
वर तेलाचा लाल तवंग, सावजी,
घसा धरणारा.
"याले लवंग कमीच टाकली," ती म्हणाली,
"आधीच खाऊन होती ना ते."

मी चव घेतली.
लवंग मला वेगळी ओळखू आली नाही.
वहीत काही लिहिलं नाही.
भाकरी मात्र अजून एक मागितली.