परतीच्या टपालाने

कॅलिफोर्नियात एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला
पाच अक्षरांचा शब्द पाठवायला घेतला.
एल गेलं, ओ गेलं,
आणि पलीकडचं यंत्र बसलं.
त्या वर्षी मी मिरजेत नववीत होते,
भूमितीच्या वहीला खाकी कव्हर घालत होते.
मला कोण कळवणार?

पुढे कॉव्हेंट्रीत,
रात्री स्वयंपाकघराचं टेबल पुसून
मी उत्तरपत्रिका तपासायची.
लाल शाई, चहाचा कप,
आणि पोस्टमनने फटीतून ढकललेली तपकिरी पाकिटं.
त्यातलं एक नेहमी उशिरा यायचं:
इझोबेल टुलक, येल बेट, शेटलंड.
मी ॲटलास काढला.
ब्रिटनच्या नकाशात ही बेटं मावत नाहीत,
म्हणून कोपऱ्यात एक चौकट आखून
त्यांना तिथं बसवतात,
जसं पंगतीत ऐनवेळी आलेल्याला
दाराशी पाट मांडून द्यावा.

चार दिवस लागत टपालाला,
वारा असला की फेरी बंद, मग आठ.
कागदाला मासळीचा वास.
ती दिवसा कारखान्यात सॅमन सोलायची,
पहाटे साडेपाचला टीव्हीवर
रुंद कॉलरचा प्राध्यापक कलनशास्त्र शिकवायचा
तो बघून कामाला जायची.
हे तिनंच समासात लिहिलेलं.
उत्तरं बरोबर. पण प्रत्येक ओळीवर
शाई फासटलेली,
आकडे धुरातून आल्यासारखे.
समुद्राचं पाणी असेल, असं मला वाटे.
तरी मी लिहायचीच: टापटीप हवी. वजा अर्धा.

मग मोडेम आला.
कल्हईवाल्याच्या भट्टीत कोणी पोपट सोडावा
तसा तो किंचाळायचा,
आणि एक पान उघडेपर्यंत
कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या.
इझोबेलच्या घरी तार एकच.
फोन तरी, नाहीतर अभ्यास तरी.
एका फेब्रुवारीत तिचा नवरा मॅग्नी
बंदरातून पाऊण तास फोन लावत राहिला,
बोट उशिरा पण धड पोचलीय एवढंच सांगायला,
आणि पाऊण तास त्याला एंगेज टोन मिळाला,
कारण ती मला विचारत होती
शून्याकडे जाणं म्हणजे शून्य होणं नव्हे ना.
नव्हे, मी लिहिलं.
तो घरी आला, बूट काढले, काही बोलला नाही.
तिनं हे मला दोन ओळींत कळवलं
आणि तिसऱ्या ओळीत पुढचं गणित.

लोक म्हणतात अंतर मिटलं.
मिटलं नाही हो.
मी तर ते रोज मोजायची,
प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या गप्पेत.
आधी आठ दिवसांचं, मग रात्रीचं,
मग माझा कप निवण्याइतकं.

दोन हजार तीन. पहिला व्हिडिओ वर्ग.
पडद्यावर सात चौकटी,
सात हनुवट्या, कुणाचं नुसतं कपाळ.
कोपऱ्यातल्या चौकटीत
पिकल्या केसांची, रुंद खांद्यांची बाई,
मागे खिडकीत राखाडी आभाळ.
पंधरा वर्षांनी मी इझोबेलला पाहिलं.
नकाशातल्यासारखीच कोपऱ्यात होती.

मी म्हटलं, तिसरं उदाहरण करून दाखवा.
तिनं पेन उचललं
डाव्या हातात.

आणि लिहीत गेली,
आणि तो हात लिहिलेल्यावरूनच सरकत गेला
ओल्या शाईला पुसत,
जसा डावखुऱ्यांचा सरकतो,
दुसरं काय करणार तो.

पंधरा वर्षं, दर महिन्याला, वजा अर्धा.

मी म्हटलं, इझोबेल, तुम्ही डा—
आणि चित्र थिजलं.
पेन वर, ओठ उघडे,
तळहाताच्या कडेला निळा डाग.
माझं किती पोचलं कोण जाणे.
दोन अक्षरं, फार तर.
बाकी मुलं खुर्च्या सरकवत वाट बघत राहिली.

त्या रात्री जुनी गुणांची वही काढली.
बेरीज करून
तपकिरी पाकिटात घातली,
पत्ता मराठी वळणाच्या इंग्रजीत लिहिला
आणि मुद्दाम, पायी जाऊन,
लाल पेटीत टाकली.
वारा होता. म्हणजे आठ दिवस.