अजून नाही

नर्सिंगच्या पोरींना मी इंजेक्शन शिकवायची
आधी मोसंब्यावर, मग उशीवर, मग एकमेकींवर.
हात थरथरला की वहीत लिहायची: पुन्हा.
तेहतीस वर्षं कोडोलीच्या दवाखान्यात
एवढाच माझा शब्द, एवढाच धाक.

निवृत्त झाले तर मंडळीने दुसरी वही हातात दिली.
पाळक म्हणे आता असा घडवायचा:
पदवी पुरेशी नाही, ग्रीकचे मार्क पुरेसे नाहीत,
काम येतं का ते बघायचं, कामावरच.
बत्तीस क्षमता. प्रत्येकीपुढे दोन चौकटी,
येतं. अजून नाही.
नापास असा रकानाच नाही.
माझ्याकडे अकरावी: आजाऱ्याची भेट.

आणि सुमित्र आवळे,
उद्यमनगरात सात वर्षं लेथवर काढलेला,
बोटांच्या पेरांत अजून वंगण.
"बाई, आमच्याकडं सोपं असतंय.
मायक्रोमीटर लावायचा. जॉब पास, न्हाईतर भंगार.
माणसाला काय लावणार तुम्ही?"

मी म्हटलं, चल सीपीआरला.

कॉट नंबर एकोणीस, शिरोलीच्या फौंड्रीतले कुरणेमामा,
छातीत चाळीस वर्षांची वाळू.
पोरानं खुर्ची ओढली नाही, उभ्यानंच स्तोत्र म्हटलं,
एक शब्द चुकला नाही,
आवाज असा, की बाविसावरचा माणूस जागा झाला
आणि त्यानंही हात जोडले, कोणाला ते न कळून.
मामा बघत होते तांब्याकडे.
तांब्या हातापासून वीतभर लांब.

अजून नाही, मी लिहिलं.

दुसऱ्या खेपेला तांब्या दिला, खुर्ची घेतली,
आणि विचारलं, "बरे व्हाल असा विश्वास आहे ना?"
मामांना खोकला आला. तो थांबेना.
बाहेर चहाच्या गाड्यावर पोरगं माझ्यावर उखडलं:
"विश्वास विचारू नको, मग काय विचारू? जेवला का?"
हां, म्हटलं. तेच.
अजून नाही.

तिसऱ्या खेपेचं मला धड सांगता येत नाही.
मी दारात उभी, चष्मा घरी राहिलेला.
ते दोघं बोलत होते साच्याबद्दल.
वाळू किती ओली लागते,
मूठ दाबून कशी बघायची,
हवेचा फुगा ओतकामात नेमका कुठे दडून बसतो.
पाऊण तासात देवाचं नाव निघालं नाही.
मग मामांनीच काढलं,
हप्त्याचा पगार विचारावा तसं, जाता जाता,
"लेका, तिथं वर माझा जॉब पास हुईल का रं?"

मला वाटलं, आता वचन म्हणेल. शंभर पाठ होती त्याला.
म्हणाला नाही.
मामांची मूठ आपल्या मुठीत घेतली
आणि दाबून बघितली,
वाळू बघतात तशी, बराच वेळ.
मग रडले दोघं की हसले,
चष्म्याशिवाय काय कळणार.

मामा गुरुवारी गेले.
दफनविधी म्हणजे चौदावी, ती माझ्याकडे नाही.
पाळक चोपडेसाहेबांच्या शेऱ्यात आहे,
पहिली मूठ माती टाकताना उमेदवार ओळ चुकला.

रविवारी समिती. माझी वही उघडीच.
येतं लिहावं, तर पुढच्या कॉटवर
बँकेतला कारकून असेल, किंवा अठरा वर्षांची पोर,
आणि तिला साच्यातलं ओ की ठो ठाऊक नसेल.
अजून नाही लिहावं, तर खोटं.
एक गोष्ट राहून राहून छळते,
त्या पहिल्या दिवशी तांब्या मलाही दिसला होता.
मी वही धरून उभी होते.

शेवटी येतं वर खूण केली. पेन्सिलनं.
सुमित्रनं वही उजेडात धरली, डोळा बारीक केला.
"बाई, टॉलरन्स किती धरला?"

वीतभराच्या आत, म्हटलं.
दोघांसाठी.