पानामागची लव

गुरियातल्या उतारावर
एकाच आल्डरच्या झाडावर चढलेल्या दोन द्राक्षवेली.
भिंग लावून पानामागची लव मोजत बसले:
हिची दाट, पिंजल्यासारखी. तिची विरळ.
देठापाशी खाच एकीची मिटलेली,
दुसरीची उघडी.
वहीत लिहिलं, वाण दोन.

त्बिलिसीहून जनुकांचा अहवाल आला.
वाण एक.

त्सिआलाबाईंनी कात्री खालीसुद्धा ठेवली नाही.
"हिची वाइन बाप्तिस्म्याला,
तिची मयताला.
तिथे कुणी पिऊन बघितलं का?"

संध्याकाळी दोन मातीचे पेले पुढ्यात आले.
प्यायले. पुन्हा प्यायले.
फरक कळला नाही, खरं सांगते.
वहीतलं 'दोन' खोडायला गेले
तर बाई म्हणाल्या,
"उजवा मयताचा.
तो उरवायचा नाही."